कळ दाबली की ओळ येते

माझी आत्या कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि तिला शिकवण्याची भारी हौस. दुकानात कोणी मशीन आणलं की ती त्याच्यासमोरच झाकण उघडते. "ही हार्ड डिस्क, ही तिची वायर, हा चाप दाबल्याशिवाय ती निघत नाही," असं सगळं हातात देऊन दाखवते. गिऱ्हाईक अडाणी राहिलं की त्याला कोणीही टोपी घालतं, हे तिचं म्हणणं. मी काउंटरवर बसते. शिकलेलं गिऱ्हाईक दुप्पट डोकं खातं, हे माझं म्हणणं. पण आत्यापुढे माझं कोण ऐकतंय!

मास्तर आणि काकूंचा कॉम्प्युटर तिनेच जुळवून दिला होता. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, कानाने अधू. त्यांचा मुलगा दीर्घ आजारात गेला, आणि तेव्हापासून काकू परदेशातल्या लेकीशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. फोन हातात दिला की नुसता धरून बसायच्या.

"चेहरा दिसला की बोलेल हो ती," मास्तर म्हणाले. "लेकीचे दिवस भरत आलेत. दवाखान्यात जाण्याआधी एकदा आईचा आवाज ऐकायचाय तिला."

नवंकोरं मशीन घरी गेलं आणि रुसून बसलं. हार्ड डिस्कवरून सुरूच होईना. आत्याने घरी जाऊन पाहिलं तर वाटेतल्या हादऱ्यांनी वायर सुटलेली. बहुतेक चाप नीट बसलाच नव्हता. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत येईनात, म्हणून आत्याने त्यांना दारातूनच वायर कशी काढायची, कशी लावायची ते दाखवलं आणि मशीन सुरू करून दिलं.

काही दिवसांनी पुन्हा तेच. आत्याने वायर बदलली. पुन्हा तेच. मग आत्याने डिस्कच बदलली, तरी तेच. दर वेळी वायर सुटलेली, आणि झाकण मात्र जिथल्या तिथे. मी मास्तरांवर चिडले. म्हटलं, कोणीतरी हात लावत असणार.

"कोण लावणार?" ते म्हणाले. "मशीन ठेवलंय ती मुलाची खोली. हिला तर तिथे पाऊल टाकवत नाही."

मी भुताखेतांना हसणारी बाई, पण वायर आपणहून चाप दाबत नाही.

एका दुपारी आम्ही दोघी न कळवता गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तर बाहेर गेले असावेत. घर चिडीचूप होतं. आतल्या खोलीतून आवाज आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्.

पडदे ओढलेल्या खोलीत काकू काळ्या स्क्रीनसमोर बसल्या होत्या. मशीनचं झाकण काढून पलंगाला टेकवून ठेवलेलं होतं. त्यांनी एक कळ दाबली. स्क्रीनवर पांढरी ओळ उमटली. त्यांनी मान डोलावली, थांबल्या, पुन्हा दाबली. खाली तीच ओळ पुन्हा आली.

"या," त्या मागे न बघता म्हणाल्या. "हळू बोला. तो आहे."

मी खोलीभर नजर फिरवली.

"अंथरुणाला खिळला होता तेव्हा मी स्वयंपाकघरातून भिंतीवर वाजवायची," काकू सांगू लागल्या. "तो इकडून वाजवायचा. म्हणजे मला कळायचं, आहे अजून. आताही तसंच. मी दाबते, तो ओळ पाठवतो."

"काकू, ते मशीन बोलतंय," मी म्हटलं. माझी जीभच तशी. "डिस्क सापडत नाही, डिस्क घाला आणि कुठलीही कळ दाबा, एवढंच लिहिलंय."

"मग मी दाबतेच ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमची वायर लावली की रंगीत चित्रं येतात आणि तो गप्प होतो."

आत्याचा चेहरा उतरला. वायर काढायला काकूंना कोणी शिकवलं, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आणि तेवढ्यात, काकूंचे हात मांडीवर असताना, स्क्रीनवर आणखी एक ओळ आली. मशीन कधीकधी असं करतं, असं आत्या नंतर म्हणाली. का करतं, ते मी विचारलं तेव्हा तिने दुसरं मशीन उघडायला घेतलं.

इतक्यात मास्तर हातात मोबाईल धरून धापा टाकत आले. "तुम्हालाच शोधत दुकानात जाऊन आलो! झालं का सुरू? लेकीचा मेसेज आलाय, निघालीय दवाखान्यात! बोलायला थांबलीय."

आत्याने मशीन बंद करून वायर लावली. काकूंनी अडवलं नाही. "सांभाळून हं," एवढंच म्हणाल्या. स्क्रीन उजळला, आत्याने कॉल जोडला, आणि लेकीचा सुजलेला, दमलेला चेहरा समोर आला.

"आई, दिसते का मी? बोल ना गं काहीतरी."

काकू पुढे वाकल्या आणि अगदी हळू, मायेने बोलल्या, "जरा बाजूला हो बाळा. तुझा भाऊ तुझ्यामागे झाकला गेलाय."

लेकीने तोंडावर हात धरला. ओरडेल, रडेल, असं मला वाटलं. पण तिने पोट सावरत, जड अंगाने खुर्ची बाजूला सरकवली. स्क्रीनवर नुसती भिंत राहिली. काकू त्या भिंतीकडे बघून तोंडभर हसल्या.

मास्तर दारातच होते. त्यांना शब्द ऐकू आले नव्हते, फक्त बायकोचा चेहरा दिसला होता.

"बोलली! हसली!" ते डोळे पुसत म्हणाले. "लेकीला बघून हसली हो! सरका, मलाही बघू द्या."

आत्या त्यांच्या आणि स्क्रीनच्या मध्ये उभी राहिली आणि हलली नाही.