हातालाच विचारणाऱ्या नसीमाताई

नसीमाताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सनानं, फोनवर सांगितलं तेव्हा आमची थोरली बहीण अक्का कुंडलच्या घरी अंगणात शेंगा फोडत होती. पंधरा दिवस दवाखान्यात होत्या, सकाळी गेल्या, दुपारी दफन. बातमी एवढीच होती. अक्कानं ती ऐकली, सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "शेवटाला जेवत हुत्या का?" ते मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं बातम्या लिहूनही हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. आम्ही सांगलीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

नसीमाताईंच्या वडिलांचा सांगलीच्या फळबाजारात केळीचा गाळा होता. त्या मानसशास्त्र शिकल्या आणि सांगलीतच राहिल्या. औषधं लिहून देत नसत. माणसांशी बोलत, त्याहून अधिक ऐकत. बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती. तीन वेताच्या खुर्च्या, पाण्याचा तांब्या, खिडकीला जाड पडदा. येणारे बहुतेक जण मनाची तक्रार घेऊन येत नसत. कुणाचं पोट दुखायचं, कुणाचा श्वास अडकायचा, कुणाला चक्कर यायची. बगलेत जाडजूड फायली असायच्या आणि प्रत्येक फायलीच्या शेवटी लिहिलेलं असायचं, तपासणीत दोष आढळला नाही.

अक्काची फाईल तशीच होती. आई लवकर गेल्यावर मला आणि धाकट्या भावाला, दत्ताला, तिनंच वाढवलं. तिचं सासर गावातच, त्यामुळे तिचं घर आम्हाला कधी लांब पडलं नाही. दत्ता सैन्यात गेला. सुट्टी संपली की तो अक्काच्याच दारातून निघायचा आणि ती त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायची. पुढे डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी कोसळली आणि तो गेला. गावानं अक्काचा सत्कार केला. ती रडली नाही म्हणून तिचं कौतुकही झालं. चार महिन्यांनी भाकरी थापताना तिचा उजवा हात कोपरापासून निर्जीव झाला. साताऱ्याला दाखवलं, पुण्याला दाखवलं. मान, मणका, मेंदू, शिरा, सगळं व्यवस्थित. "काही नाही," असं डॉक्टर म्हणाले. घरात त्याचा अर्थ वेगळाच लावला गेला. "म्हशीची धार काढायची येळ आली की बरा मरतोय हात," जाऊबाई म्हणाल्या. वर्षभर अक्का डाव्या हातानं जेवली. तिचं कामाशिवाय कशात मन रमत नसे आणि आता घरातलं एकेक काम तिच्याकडून काढून घेतलं जात होतं. "असंच ऱ्हायलं तर माझा काय उपेग रं?" असं तिनं एकदाच विचारलं. त्यानंतर आठ दिवसांत मी तिला नसीमाताईंच्या माडीवर नेलं. जाऊबाईही सोबत होत्या.

नसीमाताईंनी आधी फाईल शेवटपर्यंत वाचली आणि आणखी एकदा नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांची चिठ्ठी आल्यावरच काम सुरू केलं. माझ्याशी त्या पुस्तकी मराठीत बोलत, अक्काशी तिच्या बोलीत. "अक्का, तुमी नाटक करत न्हाई. एवढं मला ठावं हाय." मग जाऊबाईंकडे वळून, "भ्यालं की पोटात गोळा येतो. त्यो तुमी मुद्दाम आणता?"

"न्हाई वो. पर माजा गोळा घटकाभरात जातोय की!"

"हिचा जायला वाईच उशीर लागंल."

जाऊबाई हसल्या. घरातले टोमणे त्या दिवसापासून कमी झाले.

नसीमाताईंच्या कामात घाई नव्हती. पहिले तीन आठवडे त्यांनी दत्ताचं नावसुद्धा काढलं नाही. दुखणं कुठे आहे, असंही फारसं विचारलं नाही. या हातानं आजवर काय काय केलं, एवढाच त्यांचा प्रश्न असायचा आणि अक्का सांगत राहायची. धारा काढल्या, ऊस बांधला, दोन भावांना न्हाऊमाखू घातलं, चोरून चिंचा खाल्ल्या म्हणून दत्ताच्या पाठीत धपाटे घातले. चौथ्या आठवड्यात ती "दही..." म्हणाली आणि थांबली.

दत्ताच्या शेवटच्या सुट्टीत तिनं त्याच्यासाठी एक मुलगी पाहून ठेवली होती. त्यानं नकार दिला, दोघांत वाजलं. निघताना त्यानं नेहमीसारखा हात पुढे केला. ती काटवटीत पीठ मळत होती. "हात पिठात हायत माजं," म्हणाली आणि वळूनही पाहिलं नाही. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. मी बाहेर जिन्यात बसायचो, मला ते नसीमाताईंनी अक्काच्या परवानगीनं सांगितलं.

मला मात्र ते आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी दत्ताला मिरज स्टेशनवर मोटरसायकलवरून मीच सोडलं होतं. वाटेत आम्ही मिसळ खाल्ली. सोबत आलेल्या वाटीतलं दही त्यानं चमच्यानं स्वतःच्या तळहातावर घेतलं, चाटलं आणि हसला. "झालं बघ. पर अक्काला सांगू नगंस, गड्या. दुसरीकडचं दही चालतंय म्हनून आनखी रुसंल." तो गेल्यावर ती थट्टा मला वचनासारखी वाटायला लागली. सांगितलं तर अक्काची जखम उघडी पडेल, असंही वाटलं. गावोगावच्या घटना लोकांना सांगण्यात आयुष्य गेलं आणि घरातली ही एक घटना मी दाबून ठेवली.

हे सगळं मी तिथंच नसीमाताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दोष दिला नाही. "त्यांना काय सोसेल हे तुम्ही परस्पर ठरवलंत," इतकंच म्हणाल्या. "पुढच्या वेळी जिन्यात बसू नका."

पुढच्या आठवड्यात मी आत बसून अक्काला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "म्हंजी दही खाऊन गेला त्यो?"

"हो."

"आन् तरीबी..."  वाक्य पुरं करायचं काम नसीमाताईंनी अक्कावरच सोडलं. "मंग दह्यानं काय केलं न्हाई. म्या दिलं न्हाई म्हनून गेला न्हाई त्यो."

त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. हात त्या दिवशी हलला नाही. नसीमाताईंनी तशी आशाही दाखवली नव्हती. नंतरच्या एका आठवड्यात त्यांनी तिसरी खुर्ची अक्कासमोर ओढली आणि दत्ता बसलाय असं समजून राहिलेलं बोलायला सांगितलं. अक्कानं खुर्चीला आधी पोटभर शिव्या घातल्या. शेवटी म्हणाली, "पोरगी चांगली हुती रं." त्यानंतर बोटं हलायला दोन महिने गेले, भाकरी थापायला पाच. अंगठा मात्र पूर्ण सुधारला नाही. "ऱ्हाऊ दे की तेवढा," नसीमाताई म्हणाल्या होत्या. "सगळं इसरायलाच पायजे असं कुटं हाय?"

गेल्या रविवारी सनाचा पुन्हा फोन आला. ती पुण्याला नोकरीवर परत निघाली होती आणि खोली रिकामी करायची होती. अक्कानं आदल्या दिवशी विरजण लावलं. आम्ही माडीवर गेलो तेव्हा पडदा उतरवलेला होता आणि खोली नेहमीपेक्षा मोठी दिसत होती. तिन्ही खुर्च्या भिंतीला लावलेल्या. अक्कानं आधी तोच प्रश्न विचारला. सना म्हणाली, "दोन दिवस आधीपर्यंत जेवत होती. केळं मागून खाल्लं." अक्कानं मान हलवली.

आठवण म्हणून काही घेऊन जा, असं सनानं सुचवलं. अक्का तिसऱ्या खुर्चीपाशी गेली, पाठीवरून हात फिरवला आणि ती तिथंच राहू दिली. मग पिशवीतून डबा काढला. "पुण्याला निगालीस न्हवं? हात कर फुडं." सनानं तळहात पुढे केला. अंगठ्याचा आधार नसल्यानं अक्कानं चमचा चार बोटांत धरला, उजव्या हाताच्या, आणि दही न सांडता तिच्या हातावर ठेवलं.