उपाध्यक्षपदासाठी विष्णुपंत

लीड्समधल्या एका मराठी मंडळात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनंच उभे राहत. एका मतात दोघे येत किंवा दोघे पडत. त्यामुळे अध्यक्ष व्हायचं तर आधी जोडीदार शोधावा लागे. १९८८ साली डॉक्टर अजय सबनीस त्या शोधात बस डेपोतला मेकॅनिक विष्णू घोरपडे याच्या दारी आले, तेव्हा विष्णूच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी डॉक्टर गाडी बंद पडली तरच येत, आणि “अरे विष्णू” अशी हाक मारत. आज हातात चकल्यांचा डबा होता.

“विष्णुपंत, तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यांपुढे आलंच नाही.”

“मी कशाला डॉक्टर? तुमच्यातलाच कुणीतरी घ्या की.”

“नको! लोक म्हणतील, मंडळ आहे की हॉस्पिटल?”

“पाडव्याला सांगतो,” म्हणून विष्णूनं वेळ मारून नेली.

डॉक्टर गेल्यावर विष्णूची बायको सुप्रभा म्हणाली, “अहो, चकली तरी खा. त्यात काही घातलेलं नाही.”

“कुणी सांगावं?”

पण दुसऱ्याच दिवशी त्यानं सूट ड्रायक्लीनिंगला टाकला. मंडळाच्या दर जेवणाला तो वाढपी असे. स्टेजवरच्या खुर्च्या डॉक्टरांच्या, हे ठरलेलंच. एकदा तिथं बसून बघावं, असं त्यालाही वाटे.

पाडव्याला चर्चच्या हॉलमध्ये पंगत बसली. विष्णूनं कोट काढून पुऱ्या वाढायला घेतल्या, तर डॉक्टर बाह्या सरसावून श्रीखंडाचं पातेलं घेऊन हजर! विष्णू मनातून खजील झाला. उगाच संशय घेतला आपण. जेवणं झाली की हो म्हणून टाकू.

पुऱ्या वाढता वाढता त्याचं लक्ष प्लेटांकडे गेलं. एका मेंबराच्या प्लेटमध्ये श्रीखंडाचा डोंगर, आणि शेजारी त्याच्या भारतातून आलेल्या आईची प्लेट कोरडी.

“डॉक्टर, या आजींना राहिलं.”

“त्या कुठे मेंबर आहेत? त्यांना कुठलं मत?” डॉक्टर डोळे मिचकावून हसले आणि त्यांनी आजींना डावभर वाढलंही. थट्टा असेल. पण पलीकडच्या टेबलावरच्या पाहुण्या आजोबांचीही प्लेट कोरडीच होती, आणि तिथं तर कुणी थट्टा करत नव्हतं.

जेवणानंतर विष्णू म्हणाला, “डॉक्टर, माझं नाव नको.”

“बरं,” म्हणून डॉक्टर वळलेच. एकदा तरी आग्रह करतील असं विष्णूला वाटलं होतं.

भांडी उचलताना मागून तोच आवाज आला. पोस्टातल्या शशिधरच्या खांद्यावर डॉक्टरांचा हात होता. “शशिधरपंत, तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यांपुढे आलंच नाही.”

शशिधरचा चेहरा उजळला.

“बघ, कसा फुललाय येडा,” विष्णू सुप्रभाच्या कानात पुटपुटला.

“सूट ड्रायक्लीनिंगला टाकलात त्या दिवशी तुम्हीही अस्सेच दिसत होतात,” ती म्हणाली. “ते श्रीखंडाचं पातेलं द्या इकडे. आजोबा थांबलेत.”