कौलाने ठरवलेला चोर

नोकरीत "साहेब, मी चोर नाही" हे मी हजारदा ऐकलं. पण "बाबा रे, तू चोर नाहीस" हे एका माणसाच्या गळी उतरवायला मला दीड दिवस घाम गाळावा लागला. तो दीड दिवस मी अजून विसरलेलो नाही.

साहेबाच्या राज्यातली, सन तीसच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पालीच्या अलीकडे माझं ठाणं. मी नवाकोरा फौजदार. खात्याच्या परीक्षेसाठी फौजदारी कायदा घोकत होतो. व्याख्या, कलमं, अपवाद, सगळं तोंडपाठ! आमचे म्हातारे जमादार विडी ओढत ते ऐकायचे आणि नुसते हसायचे.

शिमगा आठ दिवसांवर आलेला. एका गावचा पोलीस पाटील खबर घेऊन आला. पालखीत बसवायचा देवीचा चांदीचा मुखवटा देवळातल्या पेटीतून नाहीसा झाला होता. सोमवारी पूजेला होता, शुक्रवारी नव्हता.

"पण साहेब, चोर गावलाय," पाटील म्हणाला. "देवीनंच दाखवलान."

गावानं कौल लावला होता. गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. घरांच्या क्रमानं एकेक नाव घेतलं गेलं, आणि अगदी शेवटच्या घरातल्या, मुंबईच्या गिरणीतून आजारी होऊन परतलेल्या एका शेतकऱ्याच्या नावावर उजवी पडली.

तो शेतकरी पाटलाच्या मागेच उभा होता. बेडी नाही, दोरी नाही. आपण होऊन आला होता.

"साएब, मीच चोर. लिवून घ्या."

मला नाचावंसं वाटलं. पहिलीच मोठी चोरी, आणि आरोपी स्वतःच्या पायांनी ठाण्यात! मी दौत पुढे ओढली.

"पेटीचं कुलूप कसं उघडलंस?"

"फोडलं असंल."

"कुलूप शाबूत आहे हो," पाटील हळूच म्हणाला.

"मग चावीनं उघडलं."

"चावी कुणाची?"

"तुमी सांगाल त्याची."

"अरे, मुखवटा कुठे आहे?"

"ते देवीला ठावं. तिनं माझं नाव घेतलान. ती खोटं बोलंल काय?"

एवढ्यात त्याची बायको पदर खोचून आत शिरली. "अवो साएब, रविवारपासून हा तापानं फणफणलाय. मोरीपर्यंत मी धरून नेत होते. ह्यो चोरी कवा करनार? ह्याच्यानं कोंबडी धरवत नाय!"

"गप गो! देवीच्या वर तू काय?"

जमादारांनी विडी विझवली. "साहेब, माणूस कबूल झाला. गुन्हा कुठं कबूल झाला?"

माझी लेखणी जागीच थांबली. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे मी त्याच सकाळी घोकलं होतं. पोलिसांना छळण्यासाठीच कुणीतरी ते लिहिलंय, अशी माझी समजूत होती. आता तापानं पिवळा पडलेला एक माणूस माझ्यासमोर हौसेनं तुरुंगात शिरू पाहत होता, आणि त्याला अडवायला मध्ये ती एक ओळ तेवढी उभी होती. मी दौत मागे सारली.

घरी जा म्हटलं तर तो जाईना. शेवटी कोठडीचं दार उघडं ठेवून त्याला आत झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला नि त्याच्या बायकोला घेऊन मी गावात गेलो. चौकशीत शेजाऱ्यांनी तापाची खात्री दिली. मग देवळात सगळ्यांसमोर मी गुरवाला म्हटलं, "कौलाला घेतलेली नावं त्याच क्रमानं सांगा."

त्यानं पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत नावं म्हणून दाखवली.

"आणि गुरवाचं घर?"

"मी तर इचारणारा, साएब. माझं नाव कोण घेणार?"

सगळ्यांच्या माना गुरवाकडे वळल्या. पेटीची चावी त्याच्याकडेच असते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. गुरव पायरीवर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. चिंचेनं घासताना मुखवटा हातातून निसटला आणि देवीचं नाक चेपलं. सणाच्या तोंडावर अपशकुन, वर पिढीजात मान जायची भीती. म्हणून पालीच्या सोनाराकडे त्यानं तो गुपचूप दुरुस्तीला टाकला होता. पंच धाडले, दुपारी देवी सरळ नाकानं घरी आली.

आता कायदा लावा! चोरीला लबाडीचा हेतू लागतो. एकाकडे कबुली होती, कृत्य नव्हतं; दुसऱ्याकडे कृत्य होतं, लबाडी नव्हती. दोन माणसं जोडूनही मला एक चोर बनवता येईना! गुरवाला मी जे बोललो, ते मात्र छापण्याजोगं नाही.

पण शेतकरी हटेना. "मग देवीनं माझं नाव कशाला घेतलान?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं. गुरवच उठून त्याच्यापुढे आला.

"देवीनं नाय रे. माझा हात कापत होता. तुझ्या वेळची उजवी पाकळी धड चिकटलीच नव्हती. मी बघितलं, आनि गप बसलो."

"म्हंजे... मी नाय चोर?"

"नाय."

आणि तो धिप्पाड माणूस देवळातच हुंदके देऊन रडू लागला.

"आता रडतोय!" बायको डोळे पुसत म्हणाली. "चल घरी, पेज निवतेय."

कायदा माणसाला पोलिसाच्या हातून वाचवतो, एवढं परीक्षेला पुरतं. पण माणसाला त्याच्या स्वतःच्या शब्दापासूनही वाचवावं लागतं, हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याला मी मनोमन सलाम ठोकतो. इतका कडक सलाम मी खात्यातल्या कुठल्याही वरिष्ठाला कधी ठोकलेला नाही.