भरडाई बाहेर द्यायची ठरली

आमची कंपनी म्हणजे सेनगावच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड आणि आम्ही गावातल्या बाया. रीतसर नोंदणी झालेली, शिक्का असलेली कंपनी आहे. घरचे हसतात ते हसू देत. तूर घ्यायची, तेलपाणी लावून वाळवायची, मशीनवर भरडायची, डाळ निवडून विकायची. मागणी वाढली आणि प्रश्न आला, भरडाई हिंगोलीच्या मोठ्या मिलला द्यायची का?

प्रशिक्षणात सांगितलं होतं, ज्या कामावर कंपनीचं नाव चालतं ते घरात ठेवा, बाकीचं खुशाल बाहेर द्या. झालं! बैठकीत जी ती म्हणाली, नाव माझ्याच कामावर चालतं. निवडणारी म्हणाली, दाताखाली खडा आला तर कोण घेईल आपली डाळ? मी म्हटलं, तेलपाण्याशिवाय डाळ सुटते कुठं? आपला तो बाब्या, दुसरं काय.

बोलल्या नाहीत त्या फक्त माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळ्या आक्का म्हणतात. मशीन त्या चालवत. त्यांचं तोंड उतरलेलं बघून आम्हाला वाटलं, यांच्या मनाला लागलं. थोरल्या माणसाच्या हातचं काम काढून कसं घ्यायचं? मग "आक्कासारखी मशीन कोणाला जमती?" असं म्हणून विषय पुढं ढकलला. दर बैठकीत हेच. अध्यक्ष मी, पण सणावाराला पाया त्यांच्याच पडते. माझी जीभ रेटेना.

यंदा हंगामाच्या तोंडावर मात्र धीर करून विचारलंच. "आक्का, भरडाई बाहेर दिली तर तुमाला वाईट वाटंल का?"

त्या आधी खोकल्या. मशीनचा भुसा त्यांच्या छातीत बसला होता, आणि ते आम्हा सगळ्यांना रोज दिसत होतं.

"देऊन टाका की बाई. मी कवाची वाट बघून राहिले."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"कसं बोलू? तुमी दर बारीला म्हणता, आक्कासारखं कोणाला जमत न्हाई. असं म्हटल्यावर माणसानं उठावं कसं?"

मला हसू आलं आणि रडूही. ठराव एका दमात झाला. आता वाळलेली तूर मिलला जाते, डाळ होऊन परत येते, आणि निवडून आमच्याच नावानं विकली जाते. आक्का माझ्या शेजारी बसून तेलपाणी लावतात. पहिल्याच दिवशी, मशीन बंद असलेल्या त्या शेडमध्ये कोणीतरी गाणं म्हणत होतं. आक्काच होत्या. काम करताना त्या पहिल्यापासून गातात, म्हणाल्या. इतकी वर्षं आम्हाला ऐकूच आलं नव्हतं.