भूमितीचा टाइप केलेला पेपर

दहावीच्या सराव परीक्षेचा भूमितीचा पेपर आमच्या शाळेत मीच काढायचा, असा काही नियम नव्हता; मी दुसऱ्या कुणाला काढू दिला नव्हता, एवढंच. कोऱ्या कागदावर काळ्या शाईनं प्रश्न लिहायचे, कंपासनं आकृत्या काढायच्या आणि झेरॉक्स मारायच्या. यंदाचा पेपर माझा शेवटचा, कारण मे महिन्यात मी निवृत्त होणार. आणि नेमका यंदाच मुख्याध्यापकांना संगणक आठवला.

"सर, पेपर टाइप करूनच पायजे. जमत नसंल तर तसं सांगा, बाहेरनं तयार संच मागवतो की," ते म्हणाले.

माझ्या वर्गानं माझ्या शेवटच्या वर्षी कुणा परक्याचा पेपर सोडवायचा? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "जमतंय की," मी म्हणालो. तोवर वर्डमध्ये माझ्या नावावर एकच कागद होता, रजेचा अर्ज, आणि तोही बायकोनं टाइप केलेला.

बायको पन्हाळ्याला तहसील कचेरीत नोकरीला, दिवसभर संगणकापुढंच असते. समीकरणं लिहायची वेगळी सोय असते, दाखवते, असं ती म्हणाली. गणित तू मला शिकवू नको, असं मी तिला सुनावलं आणि घरच्या संगणकावर स्वतःची पद्धत काढली. अपूर्णांक हवा असेल तर अंश लिहून त्याच्याखाली रेघ द्यायची, एंटर मारायचं आणि स्पेसबार दाबत दाबत छेद बरोबर त्याच्या पायाशी आणून उभा करायचा. वर्गमुळाचं चिन्ह सुट्या रेघांचं जोडून संख्येवर छपरासारखं ठेवायचं. वर्तुळ ओढलं की अंडं व्हायचं, ते चेपून चेपून गोल केलं. मग प्रत्येक बिंदूचं अक्षर वेगळ्या चौकटीत लिहून जागच्या जागी नेऊन बसवलं.

बायको मागं उभी राहून बघत होती. "अहो, आकृती आणि अक्षरं एकत्र बांधा की. ग्रुप करा. न्हाईतर दुसऱ्या मशीनवर पळत्यात ती."

"माझ्या आकृत्या कुठं पळत न्हाईत," मी म्हणालो.

पेपर पुरा झाला तेव्हा पडद्यावर तो इतका देखणा दिसत होता की मी उगाचच तीन-चारदा वरखाली करून बघितला. पेपर फुटू नये म्हणून आमच्याकडं छपाई बंद खोलीत होते आणि पाकीट थेट परीक्षेतच उघडतं. पेनड्राइव्ह घेताना मुख्याध्यापकांनी विचारलंही, "छापल्यावर एकदा नजर टाकताय का?" मी ताठ मानेनं सांगितलं, "बघूनच दिलाय."

परीक्षेच्या दिवशी विषयशिक्षकानं वर्गात जाऊन मुलांच्या शंका विचारायच्या, अशी आमच्याकडं रीत आहे. मी शंकेच्या नावाखाली कौतुक बघायला निघालो होतो. पहिल्याच बाकावरचा पेपर उचलला. शाळेच्या संगणकात माझा मराठी फॉन्ट नव्हता, त्यानं दुसऱ्याच मापाची अक्षरं घातली होती. त्यामुळं ओळी सरकल्या होत्या आणि ओळींच्या मागं बाकीचा सगळा संसार निघाला होता. छेद अंशाला सोडून भलत्याच ठिकाणी गेलेला. वर्गमुळाचं छप्पर सूचनांवर कोसळलेलं. वर्तुळ एका पानावर, त्याची स्पर्शिका दुसऱ्या पानावर, आणि बिंदूंची अक्षरं समासात एसटीची वाट बघत असल्यासारखी उभी.

मुलं पेपर उलटासुलटा करून बघत होती. त्यांचं कसं होणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. मला आधी सुचलं ते माझं कसं होणार. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी उठली, हुशार आणि तोंडानं फटकळ.

"सर, पेपर बाहेरनं मागवलाय न्हवं?"

"का गं?"

"तुमचा असता तर आकृत्या अशा असत्यात व्हय?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. "मीच काढलाय" एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणता यावं म्हणून तर एवढा खटाटोप केला होता.

"व्हय, बाहेरचाच हाय," मी म्हणालो आणि खडू घेऊन फळ्यावर वर्तुळ काढायला लागलो.