कळ्या सोडून बातमी वाच

मुंबईचं वर्तमानपत्र मालवणात दुसऱ्या दिवशी एसटीने यायचं. दुपारची जेवणं आटोपली की ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझं, कारण घरात सातवी पास मी एकटीच. सरकारने गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमली होती, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या घरात तेव्हा जिवाशी गाठ होती. थोरल्या जाऊबाईंना चौथ्यांदा दिवस गेले होते आणि विहिरीवरून एक कळशी आणली तरी त्यांचे ओठ काळेनिळे पडत. भावोजी बोटीवर, परमुलखात. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हृदय कमजोर आहे. हे बाळंतपण झेपणार नाही. आईचा जीव वाचवायला पोट रिकामं करणं आजही कायद्यात बसतं. पण लवकर आणा." सासूबाईंनी रडूनभेकून एकदाचा होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं.

आणि नेमका त्याच दुपारी तो अग्रलेख! 'कोवळ्या कळ्यांची कत्तल', 'मातृत्वाला काळिमा', 'हत्येला राजमान्यता'. शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "बस कर गो! हत्या? आमच्या घरात तां पाप व्हवचा नाय. उद्या खंय जावचा नाय."

जाऊबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. एरवी सासूबाईंसमोर त्यांचा आवाज फुटत नसे. त्या म्हणाल्या, "आये, मी मेलंय तर माज्या तीन पोरांका ह्यो पेपरवालो पोसतलो काय?"

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "आये, ह्यो मेलो मुंबयत पंख्याखाली बसान लिवता. वयनीक बघूक इललो काय कधी? ह्यां सगळा तेचा रडगाणा, बातमी नाय."

"मगे बातमी खंय आसा? तितकीच वाच. कळ्ये-बिळ्ये सोडून."

मी शोधून वाचली. सरकारने समिती नेमली आहे. ती विचार करून अहवाल देईल.

"इतकीच?"

"इतकीच."

सासूबाई जाऊबाईंच्या ओठांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता नाहीच म्हणतात. मग उठल्या आणि म्हणाल्या, "सकाळची गाडी चुकवू नकात."

सावंतवाडीला डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला. सासूबाईंनी त्यावर अंगठा उठवला. डॉक्टरांना म्हणाल्या, "हत्या तर हत्या, ती माज्या नावार लिवा. पण माजी सून माका परत दिया."

सून परत मिळाली. चांगली ठणठणीत नाही, पण पोरांना आई राहिली. सासूबाई मात्र त्यानंतर मरेपर्यंत देवळाच्या आत गेल्या नाहीत. बाहेरच्या पायरीवरूनच हात जोडायच्या. आत चला म्हटलं की म्हणायच्या, "नको गो, माजे हात बरे नाय." तो अग्रलेख लिहिणारा कोण होता देव जाणे, पण आमच्याकडची शिवी द्यायची तर, शिरा पडो त्याच्या तोंडार!