ना! हरकत!

नायकबाबा कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर न देता डोक्यावरचं पागोटं सोडून पुन्हा बांधायला घेत. "बोल एकडाव देल्ला का देल्ला," एवढंच म्हणत. तांड्यात भांडण होवो, सोयरीक जुळो की कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरो, निवाडा त्यांचाच. सत्तरी ओलांडलेला काटकुळा माणूस. पण ते बोलायला लागले की चुलीवरची भाकर करपली तरी बाया जागच्या हलत नसत.

उमरखेडकडच्या त्या बंजारा तांड्यावर मी गेले ती खदानीच्या कामानं. तांड्याला लागून असलेली दगडाची खदान कितीतरी वर्षं बंद होती. ती पुन्हा सुरू करायला मालकाला पर्यावरण मंजुरी हवी होती आणि ते कागद आमची कंपनी तयार करत होती. आज तिथली हवा कशी, पाणी किती, आवाज केवढा, हे मोजून लिहायचं माझं काम. नवी नोकरी, नवा उत्साह. धूळ मोजायचं मशीन मी नायकबाबांच्या अंगणात मांडलं आणि तीन दिवसांनी उघडलं, तर आतला कागद कोरा करकरीत! मी चक्रावले. बाबा मोठ्या अभिमानानं म्हणाले, "येवढं महागाचं मशीन, बेटी, नुसती धूळ खाऊन राह्यलं व्हतं. म्या धोतर टाकून झाकून ठेवलं." धूळ खाणं हेच त्याचं काम आहे, असं सांगितल्यावर ते खोकला लागेपर्यंत हसले. "असं पोट देवानं कोनाले देऊ नये," म्हणाले. माझे तीन दिवस पाण्यात गेले, पण त्या माणसावर रागावणार तरी कसं?

खदानीत इतक्या वर्षांचं पावसाचं पाणी साठलं होतं. चैत्रात विहिरी आटल्या की सगळ्या तांड्याची माणसं-गुरं त्यावर जगत. तरुणपणी बाबांनी स्वतः तिथं घण मारला होता. "खड्डा आमी केला, पानी देवानं भरलं," असं ते सांगत. मी वहीत काय लिहिलं ते त्यांनी वाचायला लावलं. मी वाचलं, 'साचलेलं पाणी'. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "साचते ते डबकं. हे तळं हाय. तळं लिही." मी मुकाट्यानं तळं लिहिलं. ऑफिसात साहेबांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'साचलेले पाणी, काम सुरू करण्यापूर्वी उपसावे.' तळं म्हटलं की मंजुरी अडकते, हे मला तेव्हा कळलं.

राहिला होता फक्त ग्रामसभेचा ना-हरकत ठराव. सभा हिवाळ्यात ठेवली. तांड्याची कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. सचिवांनी विचारलं, "नायक, तुमच्या तांड्याचं ना हरकत लिहू ना?" बाबा उठले. हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "ना! हरकत! लिहा माया तांड्याची!" आणि शाईत बुडवलेला अंगठा त्यांनी कागद फाटेल इतका दाबला. मग माझ्याकडं बघून हसले. वाचवलं बरं का पाणी, असं ते हसणं होतं.

बाबांच्या कानाला दोन शब्द ऐकू आले होते आणि दोन्ही नकाराचेच होते. ना म्हणजे नाही, हरकत म्हणजेही नाही. एकदा नव्हे, दोनदा नाही म्हटल्याच्या समाधानात ते खाली बसले. शेजारी बसलेल्या साहेबांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी फाइल पटकन मिटली. मला फक्त उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

आठ दिवस मी नुसते काढले. शेवटी एकटीच एसटीनं गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. आक्षेपाचा अर्जही लिहून नेला होता. त्यांनी विचारलं, "अंगठा कोनाचा हाय?"

"तुमचा. पण बाबा, तुम्हाला अर्थच..."

"नायकाले शबुद समजला नाई, असं लिहू म्हनतं? मंग उद्या तांड्यात माह्यं कोन ऐकन?" मग हळूच म्हणाले, "तुले तवाच समजलं व्हतं?"

मी हो म्हटलं.

"नोकरी हाय तुही. घरी मायबाप असन," असं म्हणून त्यांनी अर्ज घडी घालून माझ्या हातात परत दिला.

उसावरून माणसं परतली तेव्हा खदानीत पंप लागून तळ उघडा पडला होता. बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. काहून अंगठा देल्ला, असं जो तो विचारी. बाबा एकदाच म्हणाले, "देल्ला." माझं नाव त्यांनी काढलं नाही, शब्द समजण्यात चूक झाली हेही सांगितलं नाही. नायकानं पाणी विकलं, असं तांड्यानं धरून घेतलं. निवाड्याला कुणी येईना. त्याच वैशाखात ते गेले.

मला कळलं तेरवी झाल्यावर. धावत गेले. त्यांच्या सुनेनं टँकरच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. "खांदा द्याले चार मानसं भेटली नाईत," ती म्हणाली. "ट्रॅक्टरवर न्या लागलं बाबाले."

मग मी तिला सगळं सांगितलं. ग्रामसभा, तो अंगठा, ते हसणं आणि माझं गप्प बसणं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

"हे तुमी महिनाभर आंदी येऊन सांगतलं असतं, बाई," ती म्हणाली, "तं बाबा खांद्यावरून गेले असते."